ट्रक नसलेलं बेट

आमच्या घरात हॉटेल निवडण्याचं खातं बाबांकडे आहे, आणि बाबांनी ते राष्ट्रीय महामार्ग 44 वर सोडून दिलेलं आहे. कापसाच्या सौद्यांपायी माणूस नागपूर-हैदराबाद रस्त्यावर जन्मभर हिंडला. हा रस्ता पूर्वी सात नंबरचा होता. सरकारनं नंबर बदलला, बाबांनी बदलला नाही. ते अजून 'सात नंबर'च म्हणतात, आणि त्या सात नंबरनं त्यांना एकच गोष्ट शिकवली: "ट्रक कुठं उभे आहेत ते पाहा. ड्रायव्हर लोक पोट बिघडवून घेत नाहीत. त्यांना पुढं जायचं असते."

नियम सहसा चुकत नाही. एकदा मात्र पैनगंगेच्या अलीकडे ट्रकांची लांबच लांब रांग बघून बाबा हरखले. "थांबव, थांबव! एवढे ट्रक म्हणजे काय जेवण असेल!" गाडी बाजूला घेतली, हातपाय धुवायला पाणी कुठे आहे ते शोधत पुढे गेलो, तर तो तपासणी नाका निघाला. एक ड्रायव्हर बाबांना विचारू लागला, "तुमचे पण कागद अडकले का?" जेवण नव्हतंच. एक पोरगा उकडलेल्या शेंगा विकत होता, त्या घेतल्या. बाबा एकेक शेंग सोलत म्हणाले, "पण शेंगा चांगल्या आहेत का नाहीत? मग!"

बाबांचा नियम असा पराभवातून आणखी बळकट होऊन बाहेर पडतो. अडचण एवढीच की घरात बाकीच्यांचेही नियम आहेत.

बायको फोनमधल्या ताऱ्यांवर चालते, जुने दर्यावर्दी आकाशातल्या ताऱ्यांवर चालायचे तशी. चार पूर्णांक दोनच्या खालच्या हॉटेलाची ती पायरी चढत नाही. त्यातही कौतुकाचे अभिप्राय ती वाचतच नाही. "ते मालकाच्या मेहुण्यानं लिहिलेले असतात," असं तिचं मत. ती वाचते फक्त शिव्या, आणि त्या मोठ्यानं वाचते. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात शिरण्याआधी तिथे कोणाच्या डाळीत काय सापडलं होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. चिरंजीव फोटो बघून ठरवतात. मावशी हॉटेलात शिरली की आधी मोरी बघायला जाते. शिवाय तिचे गुरुवार, तिच्या एकादश्या, आणि कांदा-लसणाबाबत तिचा त्या त्या दिवशी जो काही पक्ष असेल तो. माझा आपला साधा सिद्धान्त आहे: मेनूकार्ड जितकं लहान तितका स्वयंपाक चांगला. हा सिद्धान्त मी आजवर अनेकदा मांडला आहे. ऐकला कोणी नाही.

परिणाम असा की आदिलाबादहून निर्मलला निघालो तर ऐंशी किलोमीटरांत आम्ही रस्त्यावरची यच्चयावत हॉटेलं नापास करतो. गुडीहतनूरचं मावशी नाकारते, इचोड्याचं बायको, नेरडीगोंड्याचं मुलगा. मग निर्मलच्या बसस्टँडसमोर, कोणाच्याच नियमात न बसणाऱ्या गाड्यावर उभं राहून आम्ही मुकाट मिरची भजी खातो.

अशा या मंडळींनी अंदमानला जायचं ठरवलं.

खूळ मुलाचं. त्याला 'आयलंड' बघायचं होतं. बाबांचं म्हणणं, पाणीच बघायचं तर आपला कुंटाला धबधबा काय वाईट आहे? "तिथं पाणी पडते तरी. समुद्राचं पाणी नुसतं हलून राहते." पण डिसेंबर होता. आदिलाबादचा डिसेंबर म्हणजे पारा एक आकड्यात आणि बेला-भीमपूरकडचे लोक दुपारपर्यंत शेकोटी सोडायला तयार नाहीत. त्यात मावशीला सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायची होती. थंडी आणि देशभक्ती एका बाजूला आल्यावर बाबांचा नाइलाज झाला.

आता बाहेर जाऊन चांगलंचुंगलं खायचं असं ठरलं की आमच्याकडे पहिली तयारी घरून खायला नेण्याची होते. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, उटनूरकडून आलेले मोहाचे लाडू, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्याचा डबा मावशीनं स्वतःच्या पिशवीत ठेवला. विमानतळावर तो जवानाच्या हाती लागला.

"ये क्या है?"

"ठेचा."

"अचार है क्या?"

"अचार कायले राहते? ठेचा आहे!"

त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, डोळे पुसले आणि डबा बाजूला काढून ठेवला. मावशी मागे वळून वळून बघत होती. विमान समुद्रावर आलं, खाली निळंशार पाणी, खिडकीपाशी सगळ्यांची झुंबड, आणि मावशी हिशेब करत होती: "तिखट मिरची होती. त्यानं भाकरीशिवाय खाल्ला तर बाधंल त्याले."

पोर्ट ब्लेअरला (तेव्हा ते पोर्ट ब्लेअरच होतं, श्री विजयपुरम 2024 मध्ये झालं) पहिल्याच संध्याकाळी सूर्यानं आमची फसगत केली. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण ही बेटं पार पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. अंधार पडला की बाबांना भूक लागते. साडेपाचला ते हात धुऊन बसले. हॉटेलवाला म्हणाला, जेवण सातनंतर. सात वाजेपर्यंत सगळ्यांच्या पोटात रात्रीचे दहा वाजले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी शहाणे होऊन आम्ही उशिरा निघालो, तर बाजारातली साधी खाणावळ आवरून बसलेली, आणि पोरगं फरशी पुसत आमच्याकडे असं बघतंय की ही मंडळी मध्यरात्री कुठून उगवली?

सेल्युलर जेल बघितल्यावर तर जेवण ही गोष्टच अवघड झाली. 1911 ते 1921, तात्याराव सावरकर तिथे होते. कोठडी बघितली, कोलू बघितला. बाहेर आल्यावर मुलानं नेमकं त्याच क्षणी विचारलं, "पप्पा, इथं लॉबस्टर कुठं चांगला मिळतो?" मावशी गर्रकन वळली. "दहा वर्षं त्या माणसानं इथं कोलू फिरवला, अन् तुले लॉबस्टर पाहिजे?" त्या दुपारी आम्ही सर्वांनी केळी खाल्ली. देशासाठी एवढं तर करायलाच हवं. बाबांनी मात्र 'शौचाला जाऊन येतो' म्हणून कुठे तरी वडा खाल्ला, असा माझा दाट संशय आहे. त्यांच्या मिशीला चटणी होती.

खरी परीक्षा हॅवलॉकला झाली. बेटाचं नाव आम्ही जाण्याच्या वर्षभर आधी, 2018 च्या अखेरीस, स्वराज द्वीप झालं होतं. पण बोटवाला हॅवलॉक म्हणायचा, रिक्षावाला हॅवलॉक म्हणायचा, आणि सात नंबरवाले बाबा पहिल्यांदाच परक्या गावी मनापासून रमले. किनाऱ्यांनाही इथे नंबर आहेत. राधानगरचा किनारा सात नंबरचा आहे हे कळल्यावर तर ते म्हणाले, "आपलाच आहे."

बेटावर पाय ठेवल्या ठेवल्या घरातले नियम एकामागून एक बुडू लागले.

पहिला बायकोचा. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली ऑगस्ट 2020 मध्ये. आम्ही गेलो ते त्याच्या आदल्या डिसेंबरात. फोनवर एक गोल फिरत राहायचं. ती फोन उंच धरून वाळूत दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे अशी चालायची. कधी तरी एखाद्या हॉटेलाचं नाव उमटायचं, तारे उमटायचेच नाहीत. जन्मात पहिल्यांदा तिला एखाद्या हॉटेलाबद्दल काहीही वाईट माहीत नव्हतं. त्या अवस्थेत तिला घास गिळेना.

मग बाबांचा. या बेटावर एक मुख्य रस्ता, त्यावर स्कूटर आणि जीपगाड्या. ट्रक औषधाला दिसेना. बाबा अर्धा दिवस अस्वस्थ होते. अखेर एका बागेवजा हॉटेलाबाहेर त्यांना पाण्याचा टँकर उभा दिसला. "ट्रकच तो! मागं टाकी आहे एवढंच." आत शिरलो. खुर्च्या वेताच्या, दर विमानतळाचे. जेवण यायला इतका वेळ लागला की मुलगा मधे एक झोप काढून उठला. हात धुवायला गेलो तर नळाला पाणी नाही. टँकर त्याचसाठी आला होता.

माझ्या सिद्धान्ताचं तर नावच काढू नये. इथलं सगळ्यात लहान मेनूकार्डसुद्धा आमच्या मतदारयादीएवढं. गोबी मंचुरियन, पिझ्झा, पनीर बटर मसाला, डोसा. खाली शकशूका आणि हमस, कारण इथे इस्रायलहून पोरंपोरी येऊन महिना महिना राहतात. आणि मधोमध ठळक अक्षरांत 'हैदराबादी दम बिर्याणी'.

मुलानं तीच मागवली. थाळी आली. त्यानं चमच्यानं भात बाजूला सारला आणि तो गप्प झाला. भाताखाली अख्खा बटाटा होता. बटाट्याशेजारी उकडलेलं अंडं.

"अंकल, ये हैदराबादी है?"

"हाँ जी, हैदराबादी."

"इसमें आलू क्यों है?"

वाढपी बंगाली. त्याला प्रश्नच कळेना. बिर्याणीत आलू नाही तर काय असतं? कोलकात्याची बिर्याणी अशीच असते, आणि ती चवीला वाईट नव्हती हे मी आता सांगू शकतो. तेव्हा सांगण्याची सोय नव्हती. आम्ही आदिलाबादचे. निजामाचं संस्थान 1948 ला भारतात विलीन झालं, बिर्याणीपुरते आम्ही अजून झालेलो नाही. बाबांनी तो बटाटा काट्यानं उचलून थाळीच्या कडेला नेऊन ठेवला आणि जेवण होईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बसले.

मासे मागवावेत तर बाबांना पाहिजे मरळ. गोड्या पाण्यातला हा मासा आमच्या तेलंगणानं राज्यमासा म्हणून मिरवायला घेतलाय. चहूबाजूंनी खारं पाणी, फळीवर सुरमई, टूना, हा एवढाला लाल स्नॅपर, आणि बाबा विचारतायत, "मरळ नाही का?" कोळणीनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्याच नजरेनं आमच्या आदिलाबादच्या बाजारात लोक पुण्याहून येऊन कोथिंबीर फुकट मागणाऱ्या पाहुण्यांकडे बघतात.

आणि शाकाहारी मावशी! इथे कांदे-बटाटे चेन्नई-कोलकात्याहून जहाजानं येतात. बोट लांबली की भाजी लांबते. त्यामुळे समुद्रातून ताजा निघालेला मासा स्वस्त वाटावा आणि दुधीनं भाव खावा, असा उलटा प्रकार. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेली कुटुंबं या बेटावर आहेत. गावांची नावं त्यांनी गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर अशी ठेवलीयत. मावशीला ही नावं ऐकूनच धीर आला. "वैष्णव लोक आहेत. यांच्याकडं खायला हरकत नाही." गोविंदनगरच्या बाजारात तिनं बजावून बजावून डाळ-भात मागितला. "मछली नको. अंडा नको. फक्त डाळ."

डाळ आली. पिवळीधमक, वर तूप, तमालपत्र. मावशीनं पळी आत घातली, आणि पळीवर एक डोळा आला. डोळ्याच्या मागोमाग माशाचं अख्खं डोकं आलं, तोंड किंचित उघडं, काही तरी विचारायचं राहून गेल्यासारखं.

"ये क्या है?" मावशी किंचाळली.

"दाल," पोरगं म्हणालं.

"अन् हे?"

"मुड़ो. दाल में डालता है. स्पेशल." मग तिचा चेहरा बघून त्यानं समजूत घातली, "मछली नहीं है आंटी, खाली सिर है."

ते त्यानं प्रेमानं केलं होतं यात शंका नाही. बाहेरगावच्या म्हाताऱ्या बाईला रुक्ष डाळ कशी द्यायची? पण मावशीनं त्या रात्री मोहाचे दोन लाडू खाल्ले आणि गोविंदाला नावं ठेवत झोपी गेली. सकाळी शेजारच्या नील बेटाचा विषय निघाला. त्याला अंदमानचं भाजीचं कोठार म्हणतात, तिथे तरी जेवायला मिळेल असं मी म्हणालो. तिथल्या गावांची नावं लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, रामनगर. बाबांनी यादी ऐकली. "शत्रुघ्न राहिला," ते म्हणाले. "जिथं भावाले विसरले तिथं पाहुण्याले काय वाढतील?" बेत बारगळला.

चांगलं जेवण सापडलं ते मावशीच्या रक्तदाबामुळे. तिची गोळी गरम पाण्याशिवाय उतरत नाही. आमच्या उतरण्याच्या जागी गरम पाणी मागितलं की शीतपेटीतली बाटली यायची. एका दुपारी ती वैतागून गोळी मुठीत धरून रस्ता ओलांडून गेली. पलीकडे नारळीत पत्र्याचं एक छप्पर होतं, त्यातून वाफ येत होती. बाहेर पाटी नाही. पत्र्यावर मिरच्या वाळत घातलेल्या, वर कावळ्यांसाठी मासेमारीचं फाटकं जाळं अंथरलेलं. मावशी त्या मिरच्यांपाशी थबकली. भरून, ताकात भिजवून वाळवलेल्या, देठासकट. आपल्या सांडगी मिरच्याच.

आत एक बाई भाताची पेज काढत होती. मावशीच्या तोंडून आपसूक तेलुगू आलं. "वेडि नीळ्ळु उन्नाया अम्मा?"

बाईनं वर बघितलं. "मीदि ए ऊरु?"

"आदिलाबाद."

"अय्यो! मनवाळ्ळे!" आणि तिनं बाकावरचं मांजर हाकललं. "कूर्चोंडी."

आता ती बाई श्रीकाकुळमची. ते गाव ओरिसाच्या सीमेला, आमचं महाराष्ट्राच्या. मधे अख्खं तेलंगण आणि बराचसा आंध्र. जमिनीवर भेटलो असतो तर तिनं आम्हाला आपलं म्हटलंच नसतं. आम्हाला तसं कोणी सहसा म्हणत नाही. आदिलाबादेत आम्ही मराठीवाले, नागपुरात उतरलो की तेलंगणाचे. आमच्या आजोबांनी तर घर जागचं न हलवता निजामाचं हैदराबाद आणि 1956 नंतरचं आंध्र अशी राज्यं बदलली. 2014 चं तेलंगण बाबांच्या वाट्याला आलं. आणि इथे, मधे हजाराहून जास्त किलोमीटर समुद्र टाकल्यावर, बाई आम्हाला 'आपलीच माणसं' म्हणत होती. बाबांनी लगेच ओळख पक्की केली. त्यांचं तेलुगू बाजारातलं, फक्त भाव पाडण्यापुरतं. ते म्हणाले, "चाला एक्कुवा!" म्हणजे फार महाग. अजून तिनं किंमत सांगितलीच नव्हती. बाई इतकी हसली की पेज पायावर सांडायची राहिली.

मग पानं मांडली गेली. भाताचा ढीग, पप्पू म्हणजे वरण, चारू म्हणजे सार, चिंचेच्या कोळातलं माशाचं कालवण, ताक, तळलेल्या त्या मिरच्या आणि एका वाटीत काळपट हिरवी चटणी. मावशीनं बोट लावून चाखलं आणि तिचे डोळे भरून आले. "अंबाडी!" बाबांनी कालवणातला मासा कोणता, हे विचारलंसुद्धा नाही. चिंच लागली की त्यांना सगळे मासे मरळ वाटतात. कोणी बोलत नव्हतं. आमच्या घरात जेवताना शांतता झाली की समजावं, कोणी तरी वारलंय किंवा जेवण फर्मास आहे.

ढेकर दिल्यावर श्रेयाची वाटणी सुरू झाली. बाबांचं म्हणणं, येताना छपरामागे एक टेम्पो दिसला होता, तेव्हाच आपल्या मनात आलं होतं. मी म्हणालो, इथे मेनूकार्डच नाही, म्हणजे माझ्या सिद्धान्ताची ही परमावधी. मुलानं फोटो काढला. सगळं एकाच तपकिरी रंगाचं आलं. बायकोला पाच तारे द्यायचे होते, तिनं फोन वर धरला, तो गोल फिरत राहिला. मावशीनं गोळी घेतली.

त्यानंतर दुसरीकडे कुठे जेवलो नाही. पण एक झालं. चांगली खाणावळ सापडली की माणसाच्या मनाचा कोतेपणा कसा उफाळून येतो ते मला स्वतःत बघायला मिळालं. आमच्या शेजारच्या खोलीत पुण्याचं एक कुटुंब होतं. सज्जन माणसं. काकांनी एकदा विचारलं, "तुम्ही जेवता कुठं हो? आमचे फार हाल चाललेत." मी म्हणालो, "आमचे पण." बायकोनं भर घातली, "आम्ही तर बिस्किटांवर आहोत." बाबांनी त्यांना टँकरवाल्या हॉटेलाचा पत्ता दिला. तो रेखीव नकाशासकट दिला.

दुसऱ्या दिवशी मुलाचं पोहणं लांबलं म्हणून नेहमीपेक्षा उशिरा पत्र्याखाली शिरलो. कोपऱ्यातल्या बाकावर पुणेकर काका, काकू आणि दोन मुली अंबाडीच्या चटणीवर तुटून पडलेले. काकांचा घास हातात राहिला. आम्ही त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी आमच्याकडे.

"आत्ताच सापडलं," काका म्हणाले.

"आम्हालाही," मी म्हणालो.

बाई आतून भात घेऊन आली आणि काकूंना म्हणाली, "आज मिरची नही चाहिए? रोज तो चार खाता है."

निघायच्या दिवशी जेटीवर बोटीची वाट बघत उभे होतो. येणाऱ्या बोटीतून साताऱ्याचं एक नवविवाहित जोडपं उतरलं. मराठी कानावर पडल्याबरोबर पोरगा धावत आला. "काका, इथं चांगलं जेवण कुठं मिळतं?"

पुणेकर काका घसा खाकरून म्हणाले, किनाऱ्यावर बरीच आहेत. बाबा म्हणाले, ट्रक पाहा. बायको म्हणाली, नेट लागलं तर तारे बघा. मी मेनूकार्डाबद्दल सुरुवात केली होती, तेवढ्यात मावशीनं त्या पोरीचा हात धरून तिला बाजूला ओढलं.

"यांचं कोणाचं ऐकू नको, बाई. जाशील तिथं पयले गरम पानी माग. जी बाई उठून चुलीवर ठेवते, तिच्याकडं जेव. अन् डाळीत पळी जरा हळू घाल."